कोरडा रंग

साखर पेठेत, जिथं माझ्या बापाचे आठ माग खडखडायचे,
त्या शेडमध्ये आता चाळीस खुर्च्या, एक फळा
आणि फरशीवर पिवळ्या पट्टीनं आखलेली हद्द.
पट्टीच्या अलीकडे चपला, पलीकडे अणुभट्टी,
असं धरून चालायचं.

खरी भट्टी लांब, समुद्राकाठी.
दुरुस्तीला बंद ठेवतात तेव्हा तिला
वेल्डर लागतात, फिटर लागतात,
पुसणारे, उचलणारे लागतात.
मग ठेकेदाराचा फोन :
मास्तर, तीस पोरं तयार करा.

एप्रिल. पत्र्याखाली बेचाळीस डिग्री.
पांढरा डगला, टोपडं, हातमोज्यांचे दोन जोड,
मनगटाला चिकटपट्टी, छातीवर बिल्ला.
"ह्यो बिल्ला वाचवतो काय ओ?"
इरेश बिराजदार विचारतो.
नाही बाबा. तो नुसता मांडून ठेवतो,
किराणावाल्याच्या वहीसारखा.
वही भरली की काम थांबवून घरी यायचं.
आणि कुणी म्हणालं, बिल्ला पेटीत ठेव,
चार हजेऱ्या जास्त पडतील,
तर...
इथं मी दरवेळी अडतो.
फळ्यावर एक नाव लिहितो.
पुसून टाकतो.

बापाचं एक बोट ह्याच शेडमध्ये गेलं, धोट्यापाशी.
गेलेलं दिसायचं तरी.
पाहुणे विचारायचे, बाप सांगायचा.

डगला घालणं कुणालाही जमतं.
काढायला शिकवता शिकवता तीन दिवस जातात.
बाहेरचा मोजा आधी, उशीचा अभ्रा उलटावा तसा,
मग टोपडं, मग डगला, खांद्यावरून आतलं बाहेर करत,
घाई नाही,
आणि नाक खाजलं तर खाजू द्यायचं.

माझी युक्ती रंगाऱ्याकडून आणलेली.
सूत रंगवायचा निळा, मैद्याहून बारीक,
पायपांच्या खोट्या सांगाड्यावर चिमूटभर फुंकून ठेवतो.
कोरडा असेतो त्याचा पत्ता नसतो.
पाणी लागलं की बोलतो.
शेवटी प्रत्येकाच्या अंगावरून ओला पंचा फिरवतो.
नागमणी कोडमच्या कोपरावर ठिपका.
शफीक नदाफच्या कानामागं.
"कानामागं कसा गेला बे?"
"डास चावला की ओ, सर."
सगळी हसतात. हसू देतो.
भ्यालेला हात जास्त चुकतो.

इरेशच्या अंगावरून पंचा पांढरा आला.
टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी तो उशिरा आला, पिशवी घेऊन.
पिशवीतून एक झबलं काढलं.
"भाची. रेणू. अकरा महिन्यांची."
रात्री लाइट गेली होती, पोरगी घामानं भिजली,
आणि सकाळी झबल्याच्या पाठीवर
निळी चार बोटं.
"मोबाईल होता, सर. आतल्या खिशात.
मधेच वाजला. ठेकेदाराचाच होता.
मोज्यानंच कट केला.
हात धुतले मी नंतर. दोनदा धुतले.
मोबाईल कोण धुतंय."

बहिणीनं झबलं तीनदा साबणात घातलं म्हणे.
आमचा सोलापूरचा रंग. गेला नाही.

ठेकेदार संध्याकाळी आला, यादी घेऊन.
म्हणाला, रंगच होता ना तो, मास्तर?
मी एकोणतीस नावांपुढं सही केली.
तिसाव्यापुढं लिहिलं : आणखी एक आठवडा.
तो बडबडत गेला. परत फोन करील न करील.

झबलं आता फळ्याशेजारी खिळ्याला आहे.
इरेश पट्टीपाशी उभा राहतो.
न सांगता खिसे उलटे करतो :
मोबाईल, चुनापुडी, सायकलची किल्ली,
भाजलेल्या शेंगांची टरफलं.
सगळं टेबलावर ठेवतो, रांगेनं.
आत जातो. खोटा व्हॉल्व्ह खरा असल्यासारखा घट्ट करतो.
बाहेर येतो, हात अंगापासून लांब धरून,
आणि डगल्याच्या चेनीला हात घालणार,
इतक्यात मी म्हणतो,
मोजा.
बाहेरचा आधी.