दोन बोटं

म्हापशाच्या दवाखान्यात सुलक्षा म्हणते, गोकुळाबाय, डोळे मिटा.
कंबर इथवर वाकवली. आता सरळ व्हा.
आता तिथंच परत या.

येते.
दोन बोटं चुकलात.

आगरवाड्याच्या मिठागरात
वीतभर बांधावरून, डोक्यावर ओली पाटी,
अमावास्येच्या पहाटेही पाय चुकला नव्हता माझा.
मग दुखणं आलं, सोळा वर्षं राहिलं.
कंबर म्हणजे तेवढा ठणका;
बाकीची पाठ कुठे गेली, विचारलंच नाही.

आता स्पंजच्या उशीवर एका पायावर उभी.
घोटा थरथरतो
भरतीला मानशीचं दार थरथरतं तसा.

परत. दीड बोट.
परत.
खालच्या बाजारातून सुक्या बांगड्यांचा वास.
माकडहाडाच्या जरा वर
काहीतरी हललं, न दुखता.

हांगा, मी म्हटलं.
सुलक्षा मोजत होती, तिला ऐकू गेलं नाही.