दीड वीत

जुन्या बाजारात रविवारी एका पोऱ्याने
चादरीवर होकायंत्र मांडलं होतं.
पितळी वाटी, काचेखाली स्पिरिटात हलणारा एक बुडबुडा,
आणि शेजारी त्याचा फोन, ठणाणा वाजणारा.
"काका, बिघडलंय हे. उत्तर कॅम्पात दाखवतंय."
फोन उचल, मी म्हटलं.
त्याने उचलला.
काटा चोरी पकडल्यासारखा थरथरला
आणि हळूहळू संगमवाडीकडे वळला.
"आयला, जादू!"

मी काही बोललो नाही.

ब्याऐंशी साली माझगावात मी वायरलेसचा फिटर.
'रत्नप्रभा' नावाचं किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारं जहाज,
सिमेंट, मीठ, परतताना मंगळुरी कौलं.
कप्तान मिनेझिस म्हणाले, इंजिनाच्या धडधडीत
काही ऐकू येत नाही, कर्णा जरा जवळ घे.
जवळ म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही
आणि मी विचारलं नाही.
भिंतीत कुठल्याशा जुन्या पाटीची चार भोकं तयार होती,
होकायंत्रापासून दीड वीत.
नवी पाडायचा कंटाळा.
स्क्रू मात्र पितळी वापरले.
लोखंड नको शेजारी, एवढी अक्कल होती.
चुंबक कर्ण्याच्याच पोटात असतं,
हेही ठाऊक होतं, शिकवलं होतं,
त्या दुपारी आठवलं नाही, इतकंच.

धक्क्यावर जहाजाचं तोंड पश्चिमेला.
त्या दिशेला काटा बिनचूक.
सही केली. चहा प्यालो.

मग मंगळुराहून कौलं भरून
ती उत्तरेला तोंड करून निघाली, तेव्हा
कर्ण्याने काट्याला बाजूला घेतलं
आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगावं तसं सांगितलं:
उत्तर ती नव्हे रे, थोडी उजवीकडे,
किनाऱ्याच्या अंगाला.
तीन अंश.
घड्याळात बघाल तर अर्धं मिनिट.
चाळीस मैल गेल्यावर दोन मैल.

सुकाण्यावर बुधाजी चोगले.
बाहेर ढग, दीपगृहाचा पत्ता नाही,
आणि आत कर्ण्यावर कोणीतरी हवामान वाचत होतं.
स्वच्छ ऐकू येत होतं म्हणे,
शब्द न् शब्द.
चौकशीत तो एकच वाक्य बोलत राहिला:
"साहेब, मी रेष सोडली नाही."
नव्हतीच सोडली.
सोडली असती, जरा डुलकी लागली असती,
हात ढिला पडला असता डावीकडे,
तर वामन नेवरेकर वाचला असता,
जो पहाटे खाली भटारखान्यात कणीक मळत होता.
बाकीचे होडीतून आले.

अहवालात माझं नाव नाही.
"उपकरणाची जागा अयोग्य." तीन शब्द.
जागा कोणी निवडली, ते लिहिलेलं नाही.
खरं तर कोणीच नाही.
भोकं तयार होती.

समुद्र नको म्हणून पुणं.
इथे ओहोटी येते ती नळाला,
आणि तिची वेळ पेपरात छापून येते.
फ्रिजवर चुंबकाची फुलपाखरं मी लावू देत नाही.
नात म्हणते, आजोबा, फ्रिज कुठे जाणारे?
बरोबर आहे तिचं.

"घेताय का? आठशे. तुम्हाला सहाशे."
नाही म्हटलं.
वाकलो, गुडघे कुरकुरले,
वाटी आणि फोन यांच्यामध्ये पंजा टेकवला.
एक वीत, मग अर्धी.
"एवढं पुरतं का, काका?"
अजून, मी म्हटलं.
त्याने फोन सरकवला.
अजून.
पुन्हा सरकवला.
चादर संपली,
पुढे दुसऱ्याचे जुने स्पॅनर, पाने, साखळ्या, लोखंडच लोखंड.
पोरगं माझ्याकडे बघत राहिलं.