पंचविशी

नागोयाच्या बंदरात, सातव्या रांगेत
वाटाण्याच्या सालीच्या रंगाची एक मोटार उभी आहे.
वय चोवीस वर्षं, सात महिने.
रजिस्टरात मीच लिहिलंय.

मोंटानात मधमाश्या पाळणाऱ्या एल्डननं
फोटो बघून तिला मागणी घातली.
पण तिकडचा कायदा म्हणतो,
पंचविशी उलटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.
धडक बसली तर आतलं माणूस वाचेल का, ही त्यांची काळजी.
काळजी खोटी नाही.
मी दारावर टिचकी मारून पाहिलीय,
बिस्किटांच्या रिकाम्या डब्यासारखं वाजतं.
फक्त, पंचविसाव्या वाढदिवशी पत्रा जाड होतो का
हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

इकडे तेराव्या वर्षानंतर तिचा कर वाढला.
इथं म्हातारी, तिथं अजून अल्पवयीन.
आणि पोचली तरी नंबरप्लेट मिळेलच असं नाही;
काही राज्यं देतात,
काही दिलेली परत मागतात.

दर गुरुवारी तोकिए-सानचा फोन येतो.
"आहे का अजून?"
"आहे."
मग थोडा वेळ नुसता श्वास.

त्र्याऐंशीव्या वर्षी तिनं लायसन्स परत केलं.
तिच्या गल्लीत दोन भिंतींमध्ये एकशे साठ सेंटिमीटर,
मोटार एकशे अठ्ठेचाळीस.
उरले बारा. सहा इकडे, सहा तिकडे.
गल्लीच्या तोंडाशी ती उजवा आरसा मिटायची,
नवरा काच खाली करून डावा.
चाळीस पावलं दोघं गप्प,
जणू बोलण्यानंही मोटार फुगेल.

तो गेल्यावर डावा आरसा मिटायला
ती उतरून, वळसा घालून जायची.
एकदा पावसात विसरली.
किंवा विसरली नसेल.

त्या ओरखड्याचे मी भावातून चार हजार येन कापले.
तिनं सही केली, काही बोलली नाही.

पाच महिने राहिलेत.
मी आठवड्यातून एकदा इंजिन चालू करतो,
बॅटरी मरू नये म्हणून.
मोंटानाला जाणाऱ्या गाडीच्या सीटखाली
तीन वाळलेल्या पर्सिमनच्या बिया सापडल्या.
नियमानं फेकायला हव्यात. फेकीन.

काल तिनं वेगळंच विचारलं,
"तिकडचे रस्ते केवढे?"
म्हटलं, "मोठे. खूप मोठे."
"मग आरसे?"
"उघडेच राहतील."

"असं," ती म्हणाली,
आणि फोन ठेवायचा राहून गेला.