चहाच्या गाळणीतलं

दाजीपूरच्या अलीकडे गाडीवाट सुटते, तिथून खाली
एका जुन्या बेहड्याच्या ढोलीखाली मी ताडपत्री अंथरते.
वर ककणेरीण कोंडून बसलीय माघापासून.
दार तिनंच लिंपलंय,
चोच जाईल एवढी फट.

नर यायच्या आधी त्याचा आवाज येतो,
जुनी छत्री कुणी उघडमीट करावी तसा.
मग घशातून एकेक फळ वर काढत राहतो,
बाजारातून आलेला नवरा पिशवी रिकामी करतो
आणि काही विसरलं का म्हणून पुन्हा चाचपतो, तसा.
उंबर, नांदरुक, रानजायफळ, धूप.
एकदा सरडा.
तो कुठल्या रकान्यात लिहायचा मला कळेना.

खाली पडतं ते माझं.
आईची जुनी चहाची गाळणी, ओढ्याचं बादलीभर पाणी;
धुवायचं, निवडायचं, मोजायचं.
कळंब्याला शेजारीण विचारते,
"पोरगी एम.एस्सी. झाली न्हवं? मग पाखराची घाण कशाला धुती?"
आई म्हणते, "सरकारी हाय ते."
विषय मिटतो.

परवा बयाजी झोरेंनी सड्यावर नेलं,
बॉक्साइट काढून लाल खड्डा सोडलाय तिथं.
कडेला एक वठलेलं जांभूळ,
त्याच्या बुडाशी गुडघ्याएवढा धूप,
पानं अजून तांबूस.
कोसभर आसपास धुपाचं झाड नाही.
पलीकडं लागवडीची आखीव रांग,
पाटीवर रोपांचा आकडा,
आणि पाटी तेवढी जगलेली.
"हा कुणी लावला?" मी विचारलं.
बयाजी तंबाखू मळत वर, वाळक्या फांदीकडं बघत म्हणाले,
"लावला न्हाई ओ. वकला."

सगळ्याच बिया ओळखू येत नाहीत.
एक आहे हरभऱ्याएवढी,
एका अंगाला टाका घातल्यासारखी रेघ.
सरांनी भिंग लावलं, बराच वेळ लावलं,
म्हणाले, अज्ञात लिही.
लिहिलं.
तसल्या दोन होत्या, वहीत एकच आहे.

दुसरी कळंब्यात, स्वयंपाकघराच्या खिडकीत,
दह्याच्या डब्यात, तळाला खिळ्यानं पाडलेली भोकं.
तीन महिने झाले.
आई रोज तांदळाचं धुवण घालते,
तिला वाटतं मिरची लावलीय.
मीही काही बोलले नाही.

काल मातीला बारीक भेग दिसली.
आई वाकून बघत म्हणाली,
"तिखट निघू दे म्हंजे झालं."