अठरा अंश

कुर्टीच्या चढावर माझं शेड. पत्र्याखाली
ऑक्टोबरची दुपार छत्तीसवर टेकलेली,
आणि एर्मेलिंडा बाय म्हणते,
च्यारी, मला गाडीत हीटर हवा.

मी पाना खाली ठेवला.
लोकांच्या एसीत गॅस भरण्यात बावीस वर्षं गेली,
ऊब मागणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, कुठल्याशा शाळेची.
खिडकीच्या चौकटीवर अजून
पोरांनी करकटकाने कोरलेली नावं.
आत तिने पलंग ठोकून घेतलाय, ओटा, संडास,
आरशापाशी सायबिणीची तसबीर.
म्हणाली, तीस वर्षं कुवेतच्या इस्पितळात
एसीखाली गारठले. ती थंडी नोकरीची.
आता माझी मी बघते.
स्पितीला जाते. जानेवारीत.

विजेवर चालवू?
ऑइल फिल्टरच्या खोक्यावर मी हिशेब मांडला.
हीटर दोन हजार वॉटचा, बॅटरी दोनशेची,
तासाभरात हीटर गप्प आणि दिवाही गप्प.
कुणाच्या अंगणातून वायर ओढता आली तर वीज बरी,
पण तिथली अंगणं बर्फाखाली, आणि लाइट
आपल्या जुलैतल्यासारखी: आली तर आली.

म्हणजे गॅस.
त्याचेही नखरे. घरच्या सिलिंडरातलं ब्युटेन
शून्यापाशी आळसावतं, तळाशी पडून राहतं,
किती हलवा, उठत नाही.
प्रोपेन उठतं. उणे चाळीसलाही उठतं.
(हे वाचलेलं. मी स्वतः सुर्लाच्या घाटात
एका पहाटे कानाला मफलर गुंडाळला होता,
माझी थंडी तेवढीच.)
वेर्ण्याहून प्रोपेनच्या दोन टाक्या आणल्या.
टाकीच्या कप्प्याला खाली भोक पाडलं,
गळलाच तर जड गॅस पायाशी जमू नये, रस्त्यावर जावा.
धुराडं जमिनीतून बाहेर काढलं.
बाबा कोयते घडवायचे. आगीला हवा द्यावी,
धुराला वाट द्यावी, एवढंच शिकवून गेले,
तेवढ्यावर माझं चाललंय.
उशाशी अलार्म लावला. ज्याला वास नाही
त्या वायूसाठी. बायला म्हटलं,
हा ओरडला तर आधी दार, मग चप्पल.

साबणाचा फेस लावून जोड तपासले. एकही बुडबुडा नाही.
बटण दाबलं.
हीटरने एक हिरवा डोळा उघडला
आणि नुसता बघत बसला.

बरोबरच होतं त्याचं. काटा अठरा अंशांवर,
शेडमध्ये छत्तीस. कशाला पेटेल तो?
त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, बाबा रे,
बाहेर हिमालय आहे.

रोहिदासला बाजारात पिटाळला.
तो पिशवीभर बर्फ घेऊन आला, मासळीवालीच्या खोक्यातला,
एक खवला चिकटलेला, किंचित गुलाबी.
तो मुठीत धरून मी सेन्सरवर दाबला.
बोटं बधिर झाली. मनगटावरून पाणी
जाळीतून आत ओघळलं.
टक. टक. टक.
आणि निळी ज्योत.

आम्ही तिघं त्या डब्यात दारं लावून बसलो,
घामाने निथळत, वीस मिनिटं.
बायने वहीत वेळ लिहिली, तापमान लिहिलं,
पेशंटचं लिहितात तसं.
मग म्हणाली, देव बरें करूं, च्यारी,
आणि कपाळ पुसलं.

जानेवारीच्या अकरा तारखेला फोन आला.
आवाज तुटत होता. बाहेर उणे एकवीस,
काचेला आतून बर्फ धरलाय, म्हणाली, पण आत अठरा.
बरोब्बर अठरा.
फक्त एक सांग.
रोज पेटला की पहिली दोन मिनिटं
गाडीभर बांगड्याचा वास का येतो रे?

मी सांगितलं. ती हसली, मग खोकली, मग थोडा वेळ
फोनवर नुसता पंखा ऐकू येत होता.
म्हणाली, काल त्या वासावर मी तांदूळ चढवले.
शीत झालं, ताट घेतलं,
आणि मग लक्षात आलं.