सोमवार बंद

उद्यमनगरात सोमवारी शटर खाली.
पूर्वी त्या दिवशी लाईटच नसायची,
आता असते, पण सवय गेली नाही.
त्रिशला सोमवारीच यायची,
पाठीवर गिटार, स्कूटीवर पायापाशी दोन वाकळा,
एक दाराला लावायला, एक पत्र्याला.
"भूपालकाका, फक्त लेथ चालू ठेवा.
जॉब लावू नका, नुसतं फिरू द्या."

मोकळं लेथ फिरवायचं म्हणजे
पाहुणा नसताना चुलीवर आधण ठेवायचं.
मी ठेवलं.
मगदुमांची पोरगी. तिचा बाप अकरा वर्षं
माझ्याकडं मिलिंगवर होता,
त्यानं कधी शीळसुद्धा घातली नाही.

नऊ गाणी केली तिनं.
पेटी नाही, तबला नाही, लावणीचा ठसका नाही.
एक आईच्या शिलाई मशीनच्या हप्त्यावर.
एक रंकाळ्यातल्या जलपर्णीवर.
एक अशा मुलावर, जो इचलकरंजीला गेला
आणि आलाच नाही.
मी म्हटलं, इचलकरंजी काय लांब आहे का,
घटकाघटकाला एसटी आहे की.
ती म्हणाली, काका, तेच तर गाणं आहे.

मुंबईहून कंपनीच्या माणसाचा फोन आला.
तिनं स्पीकरवर ठेवला, मी हात पुसत उभा.
गाणी झकास, म्हणाला, तेवढी क्रियापदं दुरुस्त कर.
"मी येतो", "मी जातो", "मी भ्यालो नाही",
अगं, मुलगी आहेस ना?
येते म्हण. जाते म्हण.
ती म्हणाली, आमची आई पण
"बाजारात जाऊन आलो" म्हणती.
पलीकडं बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता.
मग फोन बंद झाला. कुणी केला, आठवत नाही.

शेवटी तिनं स्वतःच सोडलं ते,
नाव दिलं "सोमवार बंद".
कव्हरवर माझं शटर, कुलपासकट.
दोन आठवडे कुणी विचारलं नाही.
मग एका रात्री गंगावेशीत, दूध कट्ट्यावर,
म्हशीच्या धारेखालचा ग्लास हातात घेतला,
तर शेजारच्या पोराच्या खिशातनं
माझं लेथ ऐकू आलं.
शप्पत. लेथच.
गाणं नंतर सुरू झालं.

मग पुणं, बेंगळूरु, कुठलं कुठलं.
पेपरात कुणीतरी लिहिलं,
ही गायिका व्याकरणाविरुद्ध बंड करते.
चहाच्या गाड्यावर आम्ही ते मोठ्यानं वाचलं आणि हसलो.
बंड कसलं? पोरगी घरात बोलती तशी गायली.
पण तिची आई, जी पुण्याच्या जावेसमोर
इतकी वर्षं जपून "मी येते हं" म्हणायची,
परवा लग्नात सगळ्यांदेखत म्हणाली,
"चला, निघतो मी."

ह्या फेब्रुवारीत त्रिशला परत आली.
केस कापलेले, बरोबर दोन पोरं,
त्यांच्या पेटीत कापसात निजवलेले माइक.
दुसऱ्या अल्बमला तोच आवाज पाहिजे होता.
मी लेथ चालू केलं.
तिनं डोळे मिटले. उघडले.
"काका, हे ते नव्हं."

बेअरिंग गेलं होतं गं तेव्हा, म्हणून किरकिरायचं.
दिवाळीत बदललं. आता बघ, लोण्यासारखं.
"बिघडवलंसा की काका."

चाळीस वर्षांत नीट केलेल्या कामाची
पहिल्यांदा लाज वाटली.
भंगाराच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला,
कीस टोचला, पण सापडलं,
ग्रीस वाळून काळं पडलेलं.
तिनं ओढणीनंच पुसलं,
दोन बोटांवर घेऊन फिरवलं, कानाशी नेलं.
पोरं माइक घेऊन धावली.
"थांबा रे," ती म्हणाली,
"आधी मी ऐकतो."

मी शटर अर्धं खाली ओढलं.