धुण्याची वही

हवल्लीत, ट्युनिस स्ट्रीटच्या मागे,
परकारांच्या लाँड्रीत मी पंचाहत्तर साली लागलो.
हर्णैला आमचा धंदा पिढीजात. तिथे ओढा, दगड, फुकटचं ऊन.
इथे मशीन, आणि समुद्र उकळून गोड केलेलं पाणी.
बू-नासिरला व म्हणता येत नसे.
"बिश्राम," तो म्हणाला, "हे निळे. संघाचे. जपून."
मला हसू आलं.
आमच्याकडे नीळ पांढऱ्याला देतात, थेंबभर.
इथे अख्खा देश निळीत बुडवून काढलेला.

वहीत आहे सगळं. अक्षर माझंच.

जून शहात्तर. तेहरानहून परत. नग बावीस.
गवत, घाम, एका बाहीला रक्त.
शेवटच्या सामन्यात एक गोल खाल्ला होता, तेवढाच.
बू-नासिरने कपडे तीनदा मोजले.
हरल्यावर माणूस फार मोजतो.

सप्टेंबर ऐंशी. स्पर्धा घरच्या अंगणात.
गटात कोरियाने तीन मारले, आपण शून्य.
(आपण म्हणायला मी कधी लागलो, ते वहीत नाही.)
त्या रात्री सदरे पाण्याने नव्हे, कशाने तरी जड होते.
मग इराण. शहात्तरची उधारी दोन-एकने फिटली.
मग पुन्हा कोरिया, पुन्हा तीन-शून्य,
फक्त आकडा आता उलटा,
सदरा उलटा करून वाळत घालतात तसा.
मोटारींचे भोंगे पहाटेपर्यंत.
परकारशेठनी दुकानात शिरलेल्या प्रत्येकाला चहा पाजला,
पावत्या फाडून उधळल्या.

नग आले बावीस.
परत गेले एकवीस.
जिंकल्यावर कुणी मोजत नाही.

पुढे चौऱ्याऐंशी, तिसरे. अठ्ठ्याऐंशी, गटातच खलास.
नव्वदच्या ऑगस्टात पान कोरं.
परकारशेठ म्हणाले, घ्यायचं ते घे.
मी वही घेतली. का, ते विचारू नका.
बसराचा रस्ता, बगदाद, जॉर्डनच्या वाळूतला तंबू,
उशाला वही, तिच्यात देशाचे डाग.

एक्क्याण्णवला परत आलो तेव्हा
दुपारी चारला दिवे लावावे लागत.
विहिरी जळत होत्या.
दोरीवर पांढरं घातलं की तासात ठिपके, तेलाचे,
साबणाला न जुमानणारे.
पहिली नोंद : चादरी सहा. डाग : आभाळ.

शहाण्णवला चौथे. दोन हजारला उपांत्यपूर्व फेरी.
मग नोंदी विरळ होत गेल्या, केसांसारख्या.
अकरा साली तीन सामने, तिन्ही हार. पंधरा साली तेच.
त्यानंतर दोनदा स्पर्धा शेजारी भरली,
अबूधाबीत, दोहात, आणि आपले निळे त्यात नव्हतेच.
तसेही कपडे आता हॉटेलात धुतात.

बू-नासिर मात्र येतो. दर गुरुवारी.
नातू गाडी बाहेर उभी करतो, काच खाली न घेता.
म्हातारा काउंटरवर दोन्ही हात ठेवतो.
"बिश्राम, निळे झाले?"
पूर्वी मी "बाचिर" म्हणालो की हा दुकान डोक्यावर घ्यायचा :
उद्या नको, आत्ता, सामना आहे!
आता मी म्हणतो बाचिर,
आणि तो मान हलवतो, समाधानाने,
सामना उद्याच असल्यासारखा.

गेल्या गुरुवारी त्याने वही मागितली.
ऐंशीच्या पानावर बोट ठेवलं.
त्याला मराठी येत नाही, पण आकडे
मी तेव्हा त्याच्यासाठी अरबीत लिहायचो.
बावीस. एकवीस.
बोट तिथेच राहिलं.

तो सदरा माझ्या ट्रंकेतून हर्णैला गेला होता.
पोरगा सात वर्षांचा, गुडघ्यापर्यंत यायचा त्याला.
बंदराच्या वाळूत, माशांच्या जाळ्यांमधून धावायचा त्यात,
चिंध्या होईस्तोवर. मग बायकोने
पातेली उतरवायला घेतला.

"एक बाकी आहे," बू-नासिर म्हणाला.
बाहेर नातवाने हॉर्न दिला.

मी म्हणालो, बाचिर.